सलूनचं फोटोशूट आणि सेवाग्रामच्या तीन अटी

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही सलूनचं जालावरचं पान उघडा. वर्धा घ्या, हिंगणघाट घ्या, आर्वी घ्या, पुलगाव घ्या. पहिला फोटो हमखास एखाद्या गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी दाढीवाल्या इसमाचा असतो. हा गृहस्थ वर्ध्याला कधी आला, बजाज चौकात उतरला का, आणि दाढी करायला नेमका याच दुकानात का शिरला, हे विचारायची सोय नाही. दुसरा फोटो चकचकीत खुर्च्यांचा. त्या खुर्च्याही दुकानातल्या नाहीत. तिसरा फोटो कुण्या गिऱ्हाइकानं मोबाइलवर काढलेला, त्यात अर्धा पंखा आणि अर्धा आरसा. खरा फोटो तेवढाच!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? कटिंगच्या दुकानात दुसऱ्यांचेच फोटो लावायची पद्धत जुनीच आहे की. अगदी बरोबर. २००१ साली 'दिल चाहता है' आला आणि कॉलेजातली पोरं ओठाखाली चिमूटभर दाढी राखायला लागली. २००३ साली 'तेरे नाम' आला आणि भर उन्हाळ्यात मधोमध भांग पाडून कपाळावर केस सोडलेले सलमान गल्लोगल्ली दिसायला लागले. त्यानंतर धोनीचे लांब केस, मग २००८ ची 'गजनी' कटिंग. हे सगळे हिरो दुकानाच्या भिंतीवर असायचेच. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, "असे कर." बस्स.

पण त्या पोस्टरमध्ये आणि आजच्या फोटोत एक मूलभूत फरक आहे. सलमानचे केस आमच्या गल्लीतल्या दुकानात कापले असतील असं कुणालाही वाटत नव्हतं. पोस्टर म्हणजे हॉटेलातलं मेनू कार्ड. दुकानाच्या नावाखाली जालावर टाकलेला फोटो मात्र साक्ष असते. 'हे आमचं काम, ही आमची जागा' असं तो सांगतो. तो दुसऱ्याचा असेल तर साक्ष खोटी. या लेखात मला मांडायचंय ते एवढंच, बाकीचा सगळा तपशील आहे. पण तपशीलही मजेदार आहे, म्हणून लिहितोय.

निमित्त असं झालं. माझ्या एका शाळूसोबत्याचं वर्ध्याला पिढीजात दुकान आहे. आजोबा झाडाखाली पेटी घेऊन बसायचे, वडिलांनी दोन खुर्च्यांचं दुकान टाकलं, यानं तीन खुर्च्या, एसी आणि काचेचं दार केलं. आता त्याला 'प्रोफेशनल शूट' करायचंय. का? तर जुनी गिऱ्हाइकं सवयीनं येतात, त्यांना फोटोची गरज नाही. पण वर्ध्यात बाहेरून येणारी पोरं भरपूर. हिंदी विश्वविद्यालयात उत्तर भारतापासून ईशान्येपर्यंतची मुलं, सेवाग्राम आणि सावंगीच्या मेडिकल कॉलेजांतली मुलं. यांना ना गल्ली माहीत ना काका. ती फोन काढतात, चार दुकानांचे फोटो बघतात आणि एकात शिरतात. तेव्हा शूट करायचं कारण शंभर टक्के खरं आहे. 'साध्या माणसाला कशाला हवा दिखावा' वगैरे उपदेश करणाऱ्यांतला मी नाही.

भानगड कोटेशनमध्ये होती. एका स्टुडिओनं दिलेलं (नाव जाऊ द्या) ते पान त्यानं मला पाठवलं. दोन मॉडेल, त्यांचा मेकअप, ड्रोन, धुराचं मशीन, स्लो मोशन, आणि एकूण ४०,००० रुपये. आता आम्ही पडलो इंजिनियर. त्याचा कटिंगचा भाव ८० रुपये. म्हणजे ५०० डोकी. त्यातून भाडं, वीज, कारागिरांचा हिस्सा जाऊन निम्मे हातात राहतात असं धरलं तर १,००० डोकी. एक हजार माणसांचे केस कापायचे, कशासाठी? तर ज्यांचे केस आपण कधी कापले नाहीत अशा दोघांचे फोटो आपल्या नावाखाली लावण्यासाठी. आणि ड्रोन! तीन खुर्च्यांच्या दुकानावरून ड्रोन उडवला तर पत्रा आणि पाण्याची टाकी सोडून दुसरं काय दिसणार आहे?

मी त्याला म्हटलं, "अबे, तुझा स्वतःचा फोटो यात कुठाय?"

तर म्हणाला, "माझं थोबाड कोणाले पाह्याचं आहे बे? हात दिसले तरी पुरे."

या वाक्याकडे नंतर येतो. आधी सेवाग्रामला जाऊन येऊ. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर तर आहे.

गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले. त्या गावाचं पुढं १९४० मध्ये सेवाग्राम झालं. त्यांच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी आश्रमातच काम करत होता, ऐन विशीतला. त्याला फोटोग्राफीची आवड. पण कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडे पैसे नाहीत. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले आणि त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंनी फोटो काढायला परवानगी दिली, पण तीन अटींवर. एक, फ्लॅश वापरायचा नाही. दोन, मला पोझ द्यायला सांगायचं नाही. तीन, याचा खर्च आश्रम करणार नाही. या तीन अटींत राहून कनू गांधींनी १९४८ पर्यंत जे फोटो काढले, ते आज बघताना फोटो काढल्यासारखे वाटतच नाहीत, आपणच त्या कुटीच्या दारात उभे आहोत असं वाटतं. (२०१५ साली 'कनूज गांधी' नावाचं या फोटोंचं देखणं पुस्तक निघालंय, मिळालं तर बघा.)

माझं म्हणणं असं की, छोट्या दुकानाच्या शूटसाठी यापेक्षा चांगलं नियोजन मला तरी माहीत नाही. एकेक अट घेऊ.

अट पहिली: फ्लॅश नको. सलून म्हणजे समोरासमोर आरसे. फ्लॅश मारला की तो चार ठिकाणी चमकतो, शिवाय कॅमेरावाला स्वतःच फोटोत येतो. फ्लॅश नको म्हणजे उजेडाचा विचार आधी करायचा. बहुतेक दुकानांत एक पांढरी ट्यूब, आरशाभोवती पिवळे दिवे आणि नावाच्या पाटीचा जांभळा झोत, असं सगळं एकदम सुरू असतं. डोळा हे सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. एक गाल पिवळा, एक निळा. बरगंडी रंग लावलेले केस फोटोत विटकरी दिसतात, आणि मग गिऱ्हाईक येऊन विचारतं, "हाच रंग पाहिजे होता, हा कोणता लावला?" तेव्हा शूटच्या दिवशी एकाच जातीचे दिवे चालू ठेवा, बाकीचे बंद. दाराकडची खुर्ची सगळ्यात उत्तम, कारण तिथे बाजूनं दिवसाचा उजेड येतो. आपले केस काळे. समोरून सपाट उजेड पडला तर नुसता काळा गोळा दिसतो, बाजूनं पडला तर एकेक थर दिसतो. आणि कृपा करून त्या दिवशी काळा एप्रन नको. काळ्या एप्रनवर काळे केस म्हणजे अमावास्येच्या रात्री म्हैस शोधणं.

आता व्हिडिओ. इथे आमच्यासारख्यांच्या आवडीची गंमत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोनचा कॅमेरा सहसा सेकंदाला ३० चित्रांवर लावलेला असतो. या दोघांचं गणित जुळत नाही आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. उपाय अगदी सोपा आहे, सेकंदाला २५ चित्रं आणि शटर एक पन्नासांश. पट्टे गायब. पण स्लो मोशन म्हटलं की सेकंदाला १२० किंवा त्याहून जास्त चित्रं, आणि मग स्वस्तातले एलईडी दिवे अक्षरशः लुकलुकताना दिसतात. मित्राला तो पाण्याचा फवारा उडतानाचा स्लो मोशन हवाच होता. ठीक आहे, खुर्ची दारात ओढ आणि सूर्याच्या उजेडात घे. सूर्य लुकलुकत नाही आणि बिलही पाठवत नाही :-)

अट दुसरी: पोझ नको. इथे लोक भांडतात. "अरे, केस हा दिसण्याचाच धंदा आहे, पोझ दिली तर काय बिघडलं?" हा आक्षेप वाजवी आहे. कटिंग झाल्यावर माणूस आरशात बघून मान इकडे तिकडे करतो, तीही पोझच की. ती जरूर टिपा, ती त्याची स्वतःची आहे. माझा विरोध आहे तो भाड्यानं आणलेल्या पोझला. ज्याच्या डोक्यावर तुम्ही कात्री चालवली नाही, त्याच्या डोक्याचं श्रेय घेण्याला.

मग काय टिपायचं? यादी आधी कागदावर लिहून काढायची, ऐनवेळी काहीही आठवत नाही. बाहेरून दुकान, पाटी आणि शेजारची खूण, म्हणजे नवखा माणूस चुकणार नाही. भावफलक, स्वच्छ वाचता येईल असा. कात्री-कंगवा धरलेले हात. मानेवरची शेवटची रेघ ओढणारा वस्तरा. तुरटी. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा फोटो, नवीन ब्लेडचं पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडतानाचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या राज्यातली सलून तीन महिने बंद होती. २८ जूनला उघडली तीही फक्त कटिंग वगैरेसाठी, दाढीला परवानगी नव्हतीच. त्या दिवसांत या लोकांचं काय झालं ते आपण पाहिलंय. तेव्हापासून खुर्चीत बसणारा माणूस कंगवा, टॉवेल, ब्लेड निरखून बघतो. धुराच्या मशीनपेक्षा त्या फाटलेल्या पाकिटात जास्त ताकद आहे.

'आधी' आणि 'नंतर' हे फोटो काढणार असाल तर जमिनीवर चिकटपट्टी लावून खुर्चीची आणि कॅमेऱ्याची जागा पक्की करा. तोच उजेड, तेच अंतर, तोच कोन. फरक फक्त केसांत हवा. आधीच्या फोटोत अंधार आणि पडलेला चेहरा, नंतरच्या फोटोत झगझगाट आणि हसू, ही फसवणूक आहे. आमच्या हापिसात कुणी अशी चाचणी करून दाखवली तर त्याची तिथेच धुलाई होते.

पोझ नको म्हटलं की खरी गिऱ्हाइकं आली, आणि खरी गिऱ्हाइकं आली की त्यांची परवानगी आली. आपल्याकडे ही गोष्ट कुणी मनावर घेत नाही. गळ्याभोवती एप्रन बांधलेला, मान खाली घातलेला माणूस "फोटो नको" म्हणायच्या स्थितीत नसतो. वस्तरा तुमच्या हातात असतो! म्हणून विचारायचं ते खुर्चीत बसायच्या आधी. दोन ओळींचा कागद मराठीत आणि हिंदीत छापायचा: फोटो कुठे दिसणार, व्हिडिओ होणार का, आणि नंतर नको वाटलं तर कुणाला सांगायचं म्हणजे काढून टाकू. सही नाही तर फोटो नाही. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची सही. कटिंग फुकट द्यायची तर द्या, पण परवानगीची किंमत म्हणून नको. फुकट कटिंगच्या मोबदल्यात होकार देणाऱ्याला नंतर 'काढून टाक' म्हणायचा संकोच वाटतो. ज्याला फोटो नको असेल त्याच्यासाठी तिसरी खुर्ची कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर ठेवायची. त्याचीही कटिंग वेळेवर झाली पाहिजे, त्यानं आपल्या शूटसाठी ताटकळत का बसायचं?

अट तिसरी: आश्रमाचे पैसे नाहीत. याचा दुकानातला अर्थ असा की, शूटसाठी कर्ज नको आणि कारागिरांच्या पगाराला हात नको. गेल्या दोन महिन्यांत जे शिल्लक राहिलं त्यात बसेल तेवढंच शूट. लग्नाचे फोटो काढणारा गावातलाच माणूस घ्या, अर्ध्या दिवसासाठी. त्याला आधीच सांगा की व्हिडिओ उभा हवा, कारण लोक तो फोनवर बघणार आहेत. लग्नवाल्यांचा हात आडवा बसलेला असतो. मूळ फायली आपल्याला मिळतील आणि हव्या तिथे वापरता येतील हे लिहून घ्या. आणि गाजलेल्या हिंदी गाण्याचा हट्ट सोडा, धंद्याच्या खात्यावर ती गाणी बहुधा वापरता येत नाहीत. कात्रीचा आवाज, पाण्याचा फवारा, मागं गप्पा, हे संगीत काय वाईट आहे?

तारीख ठरवायलाही पंचांग लागतं, हसू नका. श्रावणात कित्येक जण केसांना कात्री लावत नाहीत. पितृपक्षात खुर्च्या रिकाम्या. फोटोवालाही तेव्हा रिकामा, म्हणून मी तेच दिवस सुचवले. तर काका, म्हणजे मित्राचे वडील, म्हणाले, "पितृपक्षात नवीन काम? तू इंजिनियर झाला म्हणून काहीही सांगशील काय?" बरं. नवरात्रात काही घरांत कटिंग बंद. उरले दसरा ते दिवाळी हे वीसेक दिवस. ते खरं तर सगळ्यात योग्य आहेत. पाऊस गेलेला, हवा धुतल्यासारखी, उजेड स्वच्छ. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू व्हायच्या आत फोटो लागलेले असतात. मे महिन्यात मात्र वर्ध्याला शूट करायचा विचारही करू नका, केसांच्या आधी कॅमेरा तापेल.

आता त्या राहिलेल्या वाक्याकडे येतो. 'माझं थोबाड कोणाले पाह्याचं आहे.'

हे वाक्य विनोदानं आलं, पण ते विनोदी नाही. मराठी भाषेनं या धंद्याची किती टिंगल केली आहे बघा. कुणाला लुबाडलं तर त्याची 'हजामत केली', आणि पार लुटलं तर 'बिनपाण्यानं केली'. रिकामटेकडा असेल तर 'हजामती करत बसलाय'. शाळेत या मित्राला काय काय ऐकावं लागलं ते मी त्याच वर्गात बसून ऐकलंय. त्याच्या दुकानात संत सेना महाराजांचा फोटो आहे, रोज हार असतो. ज्यांच्यामुळे 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आली ते जिवा महाला, पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरे गेलेले शिवा काशीद, ही नावं त्याला तोंडपाठ आहेत. पूर्वजांचा अभिमान आहे. पण स्वतःच्याच दुकानाच्या फोटोत, कात्री घेऊन उभं असलेला स्वतःचा चेहरा मात्र त्याला नको आहे. हात चालतील.

गांधीजींच्या आत्मकथेत प्रिटोरियाचा एक प्रसंग आहे. तिथल्या गोऱ्या न्हाव्यानं त्यांचे केस कापायला नकार दिला. ते चिडले, बाजारातून मशीन आणलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच केस कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले, कोर्टातले मित्र पोट धरून हसले. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी नंतर लिहिलेलं. त्या न्हाव्याचा दोष नाही, काळ्या माणसाचे केस कापले तर त्याची गोरी गिऱ्हाइकं तुटली असती. आणि आपण तरी काय वेगळे? आपल्याकडेही न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू दिले जात नव्हतेच. म्हणजे या एका खुर्चीत कोण बसणार, कोण नाही, आणि खुर्चीमागं कोण उभं राहणार, हे सगळं समाजानं ठरवून दिलेलं. आज त्याच वर्ध्यात माझ्या मित्राच्या खुर्चीत प्राध्यापक बसतो, हमाल बसतो, बिहारचा विद्यार्थी बसतो, मणिपूरचा बसतो, आणि कुणालाही कुणी जात विचारत नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही! हीच गोष्ट फोटोत यायला हवी. त्या सोनेरी दाढीवाल्या इसमाच्या फोटोत ती कशी येणार?

म्हणून माझं स्पष्ट मत. पहिला फोटो मालकाचा. खुर्चीमागं उभा, हातात कात्री, चेहरा कॅमेऱ्याकडे, खाली नाव. डॉक्टरचा फोटो दवाखान्याच्या पाटीवर असतो, वकिलाचा असतो, क्लासवाल्या सरांचा तर चौकाचौकात असतो. ज्याच्या हातात आपण डोळे मिटून आपला गळा देतो, त्याचा चेहरा आधी दिसला तर बिघडलं कुठं? उलट नवख्या पोरासाठी याहून मोठा दिलासा नाही.

असो. बरंच लांबलं. मित्रानं मॉडेल रद्द केले, ड्रोन रद्द केला, धूर रद्द केला. स्लो मोशन ठेवलाय, दारातला. स्वतःच्या फोटोवर घोडं अडलं होतं, तर काका मध्ये पडले. म्हणाले, "तुले लाज वाटत असन तं माझा काढा. चाळीस वर्ष उभा हाओ या खुर्चीमागं."

आता दोघांचाही काढायचा ठरलाय. दसऱ्यानंतरचा पहिला गुरुवार, सकाळी नऊ वाजता, फ्लॅशशिवाय.